विषय : शेपू

कुलसचिवांच्या सहीचं परिपत्रक माझ्याच हातून निघालं.
एकशे चाळीस प्रती. झेरॉक्स गरम, कडा वळलेल्या.
"राजकीय उपक्रम व शासकीय अधिकाऱ्यांशी संपर्क
याबाबत मार्गदर्शक सूचना."
सूचना म्हणायचं नि पाळायला लावायचं,
हे मराठी आम्ही कचेरीत शिकतो.

कलम दोन : आवारात झेंडा नको, सभा नको,
कार्यालयीन वेळेत उमेदवाराचा चहासुद्धा नको.
कलम चार : लेटरहेडवर स्वतःचं मत लिहू नये.
(अठ्ठावीस वर्षं लेटरहेड हाताळतोय,
मत मावेल एवढी जागा त्यावर उरतच नाही.)
कलम सात : शासकीय अधिकाऱ्याची भेट झाल्यास,
हेतुपुरस्सर वा योगायोगाने,
दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या आत नोंदवहीत नोंद.
नोंदवही कुणाकडे? आवक-जावक.
म्हणजे पगारे. म्हणजे मी.

पहिला आठवडा कोरा गेला.
मग ग्रंथालयातल्या कुमुदबाईंनी लिहिलं,
"दीर तलाठी आहेत. एकाच घरात राहतो. काय करू?"
शेरा आला : घरगुती भेटी वगळाव्यात.
बाईंनी खाली विचारलं, आणि भांडणं?

हे हसण्यावारी गेलं.
पण कपाटाच्या वरच्या कप्प्यात
भामरे सरांचा अहवाल पडून होता.
सोमेश्वरपासून टाकळीपर्यंत नऊ ठिकाणचं पाणी,
नऊ बाटल्या, नऊ आकडे, शेवटी एक ओळ :
"जिल्हा प्रशासनास तातडीने कळवावे."
तातडी योग्य त्या मार्गाने निघाली.
विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव, विधी अधिकारी,
पुन्हा विभागप्रमुख : पृष्ठ तीनवर समास कमी सोडला आहे.
सात आठवडे.
सर रोज दाराशी यायचे,
काही न विचारता जायचे.

बुधवारी पिशवी घेऊन गोदाकाठच्या बाजारात गेलो.
शेपूच्या ढिगापाशी हाक आली, "पगारे काका!"
शलाका खैरनार.
सातपूरच्या कंपनीतली पाळी संपवून
ग्रीसच्या हातांनी परीक्षेचा अर्ज घेऊन आलेली पोर.
मुदत काल संपली होती.
मी शिक्क्यावरची तारीख एक घर मागे फिरवली होती.
आता उपजिल्हाधिकारी. पायात साधी चप्पल,
गाडी पुलापलीकडे.
"काय म्हणतंय विद्यापीठ?"
जावक क्रमांक अकराशे बेचाळीस
माझ्या जिभेच्या टोकावर आला होता.
गिळला.
म्हणालो, "शेपू चांगला आलाय."

तिने जुडी उचलली, हुंगली, थांबली.
"मावशी, याला पाणी कुठलं?"
मावशीला परिपत्रक लागू नव्हतं.
"गंगेचं. दुसरं कुठलं?
टाकळीच्या खाली माझं रान.
पहाटे फेस येतो, पांढरा, गुडघाभर.
म्हशी उतरायच्या बंद झाल्यात,
नातवाच्या पायाला पुरळ जात नाही.
सरकारातली असशील तर येऊन बघ,
नसशील तर पंधरा रुपये दे."
पृष्ठ तीन, परिच्छेद दोन. जवळजवळ शब्दशः.
समासाची तक्रार कुणी केली नाही.

शलाकाने पंधरा रुपये दिले.
मावशीचा पत्ता मोबाईलवर लिहून घेतला,
मग माझ्याकडे बघत राहिली.
मी वांगी निवडत होतो.
वांगी घ्यायची नव्हती.

गुरुवार, दहा वीस.
नोंदलं : भेट, योगायोगाने. ठिकाण, नदीकाठ.
विषयाच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पसरला.
शेवटी लिहिलं, शेपू.

दुपारी वही परत आली. हिरव्या शाईत :
"विषय स्पष्ट करावा."

भामरे सर दाराशी होतेच.
मी स्टूल ओढलं, वरचा कप्पा उघडला,
स्पष्टीकरणाला टाचणीने अहवाल जोडला.
सहपत्र एक, पाने अकरा.
खाली "प्रत माहितीस्तव" लिहून
एक नाव घातलं, पदासह.
शिक्का उचलला.
तारीख आजचीच होती, तशीच ठेवली.